अल्टिमेट टेक्सास होल्डेम: छोट्या जोडीवर चौपट कधी लावायची?

सुरसागरकाठ
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर बडोद्याहून आम्ही चौघं गोव्याला निघालोय, एक संध्याकाळ कॅसिनोसाठी राखून ठेवली आहे. सातम-आठमची तीन पत्ती सगळ्यांना येते, पण डीलरविरुद्धच्या पोकरमध्ये एका गोष्टीवरून आमची जुंपली आहे. अल्टिमेट टेक्सास होल्डेममध्ये हातात दुर्री-दुर्री ते पंजी-पंजी अशी छोटी जोडी आली, तर पहिल्याच फेरीत अँटीच्या (पानं बघण्याआधी लावलेल्या रकमेच्या) चौपट लावायची की फ्लॉप (टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पाच पानांपैकी पहिली तीन) बघायचा? एकाचं म्हणणं, जोडी ती जोडी, लावून मोकळं व्हा. दुसरा म्हणतो, मधला मार्ग म्हणून तिप्पट लावा. आणि या टेबलाचा नियम डीलरविरुद्धच्या दुसऱ्या खेळांच्या टेबलावर चालतो का?

रावपुरा_टॉवर
तिर्रीपासून वर कुठलीही जोडी असेल तर चौपट. दुर्रीच्या जोडीवर चेक, म्हणजे काही न लावता पुढची पानं बघायची. तिप्पट कधीच नाही.

डीलरची पानं बंद असतात, म्हणजे तुमची जोडी कुठल्याही दोन पानांशी लढतेय. सगळी पानं उघडेपर्यंत, बरोबरी अर्धी धरली तर, दुर्रीची जोडी ५०.३ टक्के वेळा जिंकते, तिर्रीची ५३.७, चार-चार ५७ आणि पंजीची ६०.३. आता अँटी ५०० रुपयांची धरा, चौपट म्हणजे २०००. तिर्रीवर त्या २००० मागे सरासरी १४८ रुपये तुमच्या बाजूने पडतात, दुर्रीवर जेमतेम १३. तेरा रुपयांसाठी दोन हजार कशाला अडकवायचे? चेक करा, पाचही पानं फुकटात बघा, मग पाचशेत काम होतं, नाहीतर हात टाकून देता येतो.

तिप्पट लावली तर तेच १४८ चे १११ होतात. लावण्यासारखा हात असेल तर पूर्ण लावा, नसेल तर लावूच नका. यात मधला मार्ग नाही. आणि एका डावात प्ले, म्हणजे ही वाढीव रक्कम, एकदाच लावता येते. तिप्पट लावून फ्लॉपला वाढवू, असं डोक्यात असेल तर ते जमत नाही.

सुरसागरकाठ
पटलं. पण दुर्री चेक केल्यावर पुढे काय? फ्लॉपला दुप्पट लावायची का?

किलवरची_दश्शी
फ्लॉपवर तिसरी दुर्री आली तर दुप्पट. साधारण साडेआठ डावांत एकदा येते. नाही आली तर पुन्हा चेक, कारण टेबलावरच्या तिन्ही पानांपैकी कुठल्याही पानाची जोडी डीलरकडे असली की तुम्ही मागे. चेक करून फ्लॉपपर्यंत आलेल्या हातात टेबलाशी जुळून जोडी झाली तर दुप्पट लावायची असते, फक्त हातातली दुर्री-दुर्री त्याला अपवाद.

रिव्हरला, म्हणजे पाचही पानं उघडल्यावर, मात्र बहुतेक वेळा एकपट लावायची. हात टाकला तर अँटी आणि ब्लाइंड (अँटीएवढीच, तिच्याबरोबर लावावी लागणारी दुसरी रक्कम) दोन्ही जातात, हे विसरू नका. गोची होते ती टेबलावर दोन जोड्या पडल्या की. बादशहा-बादशहा-नव्वी-नव्वी-पंजी असं टेबल असेल तर तुमची दुर्री मेली, तुमचा हात म्हणजे टेबलच. डीलरचा एक बादशहा, एक नव्वी किंवा पंजीपेक्षा मोठं कुठलंही पान तुम्हाला हरवतं. मोजून बघा: २ बादशहा, २ नव्व्या, शिवाय छक्की, सत्ती, अठ्ठी, दश्शी, गुलाम, राणी, एक्का यांची प्रत्येकी ४, म्हणजे एकूण ३२ पानं. अशी पानं २१ किंवा त्याहून जास्त असली की हात टाकायचा. पण त्याच टेबलावर पंजीच्या जागी एक्का असता तर हरवणारी पानं सातच: २ बादशहा, २ नव्व्या, ३ एक्के. तिथे एकपट लावा, बहुधा बरोबरी होऊन पैसे परत येतात. लोक नेमका इथे घाबरून हात टाकतात.

गणितवाला_बडोदा
दुसऱ्या टेबलांचं विचारलंत. हा नियम तिकडे नेऊ नका. अल्टिमेटमध्ये डीलर पात्र ठरला नाही, म्हणजे त्याच्याकडे साधी जोडीही नसली, तरी जिंकल्यावर प्लेचे पैसे एकास एक मिळतात, फक्त अँटी तशीच परत येते. कॅरिबियन स्टडमध्ये बरोबर उलटं: डीलर एक्का-बादशहापर्यंत पोचला नाही तर अँटीचे मिळतात आणि दुप्पट लावलेली रक्कम नुसती परत.

तरीही कॅरिबियनमध्ये दुर्रीच्या जोडीवर लावायचीच. ढोबळ हिशेब असा: १०० डावांत डीलर ४४ वेळा अपात्र (अँटीच्या पटीत प्रत्येकी +१), ६ वेळा नुसता एक्का-बादशहा (+३), ५० वेळा जोडी किंवा वर (दुर्री हरते, −३). बेरीज ४४ + १८ − १५० = −८८. हात टाकलात तर −१००. म्हणजे हात तोट्याचाच, पण लावल्याने तोटा कमी होतो. 'लावायची' म्हणजे 'फायदा होतो' असं धरून चालू नका.

थ्री कार्ड पोकरमध्ये राणी-छक्की-चार आणि त्यावर सगळंच खेळायचं असतं, त्यामुळे जोडीचा प्रश्नच उरत नाही. तिथे क्रम तीन पत्तीसारखाच, सिक्वेन्स कलरच्या वर.

मिसिसिपी स्टड आणि लेट इट राइडमध्ये डीलरशी सामनाच नाही, पे-टेबलाशी (कुठल्या हाताला किती पैसे, याच्या तक्त्याशी) आहे. मिसिसिपीत छक्की ते दश्शीच्या जोडीवर पैसे परत, गुलामापासून पुढे कमाई, पंजीपर्यंतची जोडी सुधारली नाही तर सगळं गेलं. पहिल्या दोन पानांत कुठलीही जोडी असली तर तिप्पट, कारण अजून तीन पानं यायची असतात. पुढे जोडी पंजीपर्यंतच अडकली तर प्रत्येक वेळी एकपट. लेट इट राइडमध्ये दश्शीच्या खालच्या जोडीवर पैसेच नाहीत, मागे घेता येणारी रक्कम मुकाट्याने मागे घ्या.

रावपुरा_टॉवर
दादा, एक व्यवहाराची गोष्ट. ५०० च्या टेबलावर अँटी ५००, ब्लाइंड ५०० आणि चौपट २००० म्हणजे एका डावात ३०००. वीस हजार घेऊन बसलात आणि असे सहा डाव हरलात की अठरा हजार संपले, मग सातव्या डावाला तिर्रीची जोडी येऊनही चौपट लावायला चिप्स नाहीत. खिसा तेवढा नसेल तर लहान अँटीचं टेबल शोधा. नियम बरोबर पाळूनही अँटीमागे साधारण २.२ टक्के घराचे असतात.

सुरसागरकाठ
आणि ट्रिप्स या वेगळ्या पैजेचा चौकोन? छोटी जोडी असेल तर तिथे लावायची का? ऑनलाइन सरावाचंही सांगा.

किलवरची_दश्शी
ट्रिप्स पानं बघण्याआधी लावावी लागते, त्यामुळे जोडी बघून ठरवता येत नाही. तिला तीन सारखी पानं किंवा त्याहून मोठा हात लागतो, आणि हातातली जोडी रिव्हरपर्यंत साधारण चार डावांत एकदाच तिथवर पोचते. सराव घरी पत्त्यांचा जोड घेऊन पैसे न लावता करा. पैशांचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केलेत.