मदत हवी आहे : बास्केटबॉलमधल्या गार्डचा अ‍ॅथलेटिसिझम (शारीरिक क्षमता) नक्की कशावरून ठरवायचा?

मंडळी, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या नामवंत गार्डची (म्हणजे मुख्यतः बॉल हाताळत बास्केटपासून लांबून खेळणाऱ्या खेळाडूंची) तुलना करतोय आणि एका ठिकाणी अडलोय. बहुतेक चर्चा उडीवरच थांबते. १९८८ च्या डंक स्पर्धेत (उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबायची स्पर्धा) मायकेल जॉर्डनने बास्केटपासून १५ फुटांवरच्या फ्री थ्रो लाइनवरून घेतलेली झेप सगळ्यांना पाठ असते. पण मला त्याची १९९१ च्या फायनलमधली, लेकर्स संघाविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यातली चाल जास्त भारी वाटते. उजव्या हातात बॉल वर नेला, आणि हवेत असतानाच डाव्या हातात घेऊन अलगद बोर्डावर टेकवला. तिथे उंचीपेक्षा हवेत शरीर ताब्यात ठेवण्याला महत्त्व आहे, आणि ते इंचात कसं मोजणार?

रसेल वेस्टब्रूकचा स्फोटक वेग, २०११ मध्ये २२ व्या वर्षी एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झालेल्या डेरिक रोझचं दिशा बदलणं, जेमतेम सहा फुटी अ‍ॅलन आयव्हरसनचं डिफेंडरला मागे टाकणारं झटपट पहिलं पाऊल, हे सगळं एकाच तराजूत कसं घालायचं? शिवाय जेम्स हार्डन. तो फार उंच उडत नाही, पण पूर्ण वेगात असताना जागच्या जागी थांबतो आणि डिफेंडर पुढे निघून जातो. माझ्या मते ही ब्रेक लावण्याची ताकदही अ‍ॅथलेटिसिझमच आहे, आणि तिला फारच कमी मान मिळतो.

तुम्ही कोणते निकष धराल? थांबणं आणि तोल नीट दिसेल असे कोणते सामने पाहू? जुन्या काळातल्या गार्डबद्दल सांगितलंत तर फारच उपकार होतील.