चार महिने तरी पर्ससीन कशाला?

दांडीकर

रविवारी पहाटे मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढायला उभा होतो. एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडीने अर्धगोलात जाळं टाकलं, दुसरं टोक पलीकडे आणलं आणि दोन्ही बाजूंनी तीसेक माणसं दीड तास मागे रेलून ओढत राहिली. जाळ्याच्या पोटात निघालं काय? तीन पाट्या पेडवे, मूठभर बांगडे, प्लास्टिकच्या बाटल्या आणि ढीगभर जेलीफिश. पाटी घेऊन उभ्या असलेल्या एका काकीने विचारलं, "वाट्याक काय इला?" कोणीच बोललं नाही.

2016च्या शासन आदेशाने राज्याच्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांत, पर्ससीनला (अख्ख्या थव्याला वेढणारं बोटीवरचं मोठं जाळं) सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच परवानगी ठेवली. लोक म्हणतात, आठ महिने बंद आहे ना, मग ओरड कसली? अहो, पावसाळा सरला की बांगडा, तारली थव्याने किनाऱ्याजवळ येते ती याच महिन्यांत. रापणीची सुगीही हीच. भात कापणीला आलं की शेजाऱ्याची गुरं शेतात सोडायची आणि उन्हाळ्यात दावणीला बांधायची, त्यातला प्रकार. माझं मत स्पष्ट आहे: 12 सागरी मैलांच्या आत पर्ससीन बारा महिने बंद हवी.

मिरकरवाडा_बोट

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात माझी पर्ससीन बोट आहे, परवान्यासकट. पावसात बोट दोन महिने किनाऱ्याला असते, खलाशी नेपाळला जातात, बँकेचा हप्ता मात्र सुट्टी घेत नाही. थवा दिसला की जाळ्याने वेढा घालायचा, खालच्या कड्यांतला दोर आवळायचा. यात गुन्हा काय? बांगडा काय दांडीच्या नावावर आहे? आज इथे, उद्या कारवारला. 2015च्या सुमारास केरळात तारली कोसळली तेव्हा तिथल्या अभ्यासकांनी समुद्र तापवणाऱ्या एल निनोकडेही बोट दाखवलं होतं. आणि रापणीत बोटाएवढी पिल्लं येतात, ती काय पूजेला ठेवता?

एक गोष्ट मान्य. रात्री एलईडीचे दिवे लावून मासे गोळा करणारे चोर आहेत. केंद्राने 2017 साली बंदी घातली तरी दिवे दिसतात. पण त्यांचं पाप आमच्या माथी मारू नका.

दांडीकर

पिल्लांचं खरं आहे, ते नाकारत नाही. पण कारवारचं नाव काढलंत म्हणून सांगतो. तिथे आपल्या रापणीसारखी रांपणी होती. सत्तरच्या दशकात पर्ससीन आली आणि काही वर्षांत ती मोडली. तो समुद्रही "फिरत्या" माशांचाच होता.

दुसरं, रापणीत वाटा असतो. दोराला हात लावणाऱ्या म्हाताऱ्यालाही कालवणापुरतं मिळतं. तुमच्या बोटीवर माणसं किती आणि त्यांच्या हाती काय पडतं?

मिरकरवाडा_बोट

खलाशी, तांडेल (बोट चालवणारा प्रमुख), बर्फवाला, टेम्पोवाला, बंदरावरच्या बायका. तुमच्या तीस माणसांपेक्षा जास्तच भरतील. गरिबी वाटून घेण्याला मी न्याय म्हणत नाही.

खाडीकाठची

मी मासे विकते, म्हणून मधे बोलते. दोघेही समुद्रावरच भांडताय, खाडीकडे कोण बघतंय? बोय, कोळंबी, तांबोशी यांची पिल्लं तिवरांच्या, म्हणजे कांदळवनाच्या, मुळांत वाढतात. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केली. आमच्या खाडीत आता तोडत नाहीत, रातोरात भराव टाकतात. तिवर उभ्यानेच वाळतं, मग म्हणायचं, आपोआप मेलं. लहान असताना मी त्या चिखलात गुडघाभर उतरून कालवं काढायचे. आता तिथे एका रिसॉर्टचं पार्किंग आहे.

दांडीकर

ताई, बरोबर. पण बांगडा खाडीत वाढत नाही, त्याचं उत्तर समुद्रातच शोधावं लागेल. मिरकरवाडा, सरळ विचारतो: 12 मैलांबाहेर जाल का?

मिरकरवाडा_बोट

जाईन. डिझेलचा फरक कोण देणार? आणि मी बाहेर गेलो की कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर आत येणार, त्यांना तुमची रापण अडवणार का? 2021 साली राज्याने मासेमारीचा कायदा कडक करून दंड वाढवले. पण दंड करायला आधी पकडावं लागतं, आणि त्यांच्या मागे धावेल अशी गस्ती नौका आमच्या बंदरात मी तरी पाहिलेली नाही.

खाडीकाठची

मैल तुम्ही मोजत बसा. पण लिलाव सातच्या आत करा हो. काल नऊ वाजले, अर्धा बर्फ पाटीतच वितळला.