अनुभव धागा: हेल्मेट निवडताना आणि बसवताना

मिरगाच्या तोंडावर बाजारात रेनकोटांच्या शेजारी हेल्मेटं लटकायला लागतात. गिऱ्हाईक येतं, एक डोक्यावर चढवतं, गाडीच्या आरशात बघतं, रंग पटला की पैसे मोजून मोकळं. डोक्याचं माप दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. मग ते हेल्मेट महिन्याभरात आरशावर, नाहीतर टाकीवर. कारण विचारा, "टोचतं", "गरम होतं", "ऐकू येत नाही". यातलं पहिलं कारण तरी दुकानातच निस्तरता येतं, म्हणून हा धागा काढतोय.

घालावं की नाही, हा वाद इथे नको. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणाऱ्याला लागू आहे तसंच मागे बसणाऱ्यालाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरचं प्रत्येक माणूस त्यात आलं (पगडी बांधणारे शीख सोडून). दंड १००० रुपये, वर लायसन तीन महिने अपात्र ठरू शकतं. तेव्हा तो विषय मिटला. इथे एवढंच लिहा: कसं निवडलंत, घरी आणल्यावर कुठे टोचलं, पावसात काय झालं. कंपनीची जाहिरात नको आणि शिव्याही नकोत.

सुरुवात मीच करतो. घरातला शिवणाचा टेप घ्यायचा, भुवयांच्या वर साधारण इंचभर आणि मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात फुगीर असेल तिथून आडवा फिरवायचा. दोन-तीनदा मोजायचं आणि जास्त येईल ते धरायचं. माझं माप ५८ सेंटिमीटर. आता गंमत बघा, एका कंपनीचं ५८० मिलिमीटरचं हेल्मेट 'एल' असतं, दुसरीचं 'एम'. म्हणजे अक्षराला काही अर्थ नाही. मागच्या किंवा आतल्या स्टिकरवर मिलिमीटरमध्ये आकडा असतो, तो वाचायचा. रत्नागिरीत मी आकडा सांगितल्यावर दुकानदाराने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग खोक्यांकडे.

देवरुख, शिक्षक

माप बरोबर असूनही हेल्मेट चुकीचं असू शकतं. डोक्याचा घेर सारखा असला तरी आकार वेगळा. कुणाचं डोकं वरून पाहिलं तर जवळजवळ गोल, कुणाचं पुढून मागे लांबट. माझं लांबट. गोल घडणीचं हेल्मेट मला कानांच्या वर सैल आणि कपाळावर घट्ट व्हायचं. पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही. साखरप्याच्या पुढे आलं की कपाळाच्या मधोमध अंगठ्याएवढ्या जागेत ठणका सुरू, शाळेत पोचल्यावर लाल वळ. मुलं विचारायची, सर गंध लावलंय का?

नवीन घेताना दुकानात अर्धा तास डोक्यावर ठेवून बसलो. दुकानदार वैतागला, चहा मागवला, त्यालाही पाजला. काढल्यावर कपाळ बघितलं. एकाच ठिकाणी लाल डाग उठला तर ते हेल्मेट आपलं नव्हे, मग कितीही आवडलेलं असो. सगळीकडून सारखा दाब असेल तर हरकत नाही. गालाच्या गाद्या नव्यात घट्टच हव्यात, बोलताना गाल दाताखाली आला तरी चालेल. फोम वापरून दबतो. दुकानात जे ऐसपैस वाटतं ते दिवाळीपर्यंत डोक्यावर गरगर फिरायला लागतं.

आणखी दोन गोष्टी दुकानातच करून बघायच्या. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवायचं. कपाळाची कातडी बरोबर ओढली गेली पाहिजे, नुसतं हेल्मेट फिरता कामा नये. मग पट्टा लावून, मान जरा खाली घालून, कुणाला तरी मागच्या कडेखाली हात घालून वर-पुढे ढकलायला सांगायचं. डोक्यावरून निघून हातात आलं तर तिथेच परत ठेवायचं.

मालवण, स्कूटीवाली

बाई दुकानात शिरली की समोर गुलाबी, फुलाफुलांचं, हनुवटी उघडी असलेलं हेल्मेट येतं. त्यातही लहान माप. बायकांची डोकी लहानच असतात असा काही शास्त्रार्थ आहे की काय, देव जाणे. मला बसलं ते ५८० चं, काळं, पूर्ण तोंडाचं.

केसांचा मुद्दा मात्र खरा. अंबाडा किंवा वर बांधलेली पोनी असेल तर हेल्मेट मागून उचललं जातं आणि पुढची कड डोळ्यांवर येते. केस मानेशी, खाली बांधायचे, सैल वेणी उत्तम. मोजतानाही केस तसेच बांधून मोजायचं. स्कार्फची गाठ मागे ठेवून वर हेल्मेट चढवणाऱ्या मुली रोज दिसतात. ती गाठही तेच करते. त्यापेक्षा पातळ सुती टोपी घाला, घाम टिपते आणि धुताही येते. चष्मा असेल तर हेल्मेट आधी, चष्मा नंतर, काड्या सरळ आत गेल्या पाहिजेत. कानाच्या वर काडी दाबत असेल तर दुसरं मॉडेल बघा, सवय होत नाही.

सासूबाईंना मागे बसायचं असतं आणि हेल्मेट नको असतं. "माका नको ता, केस इस्कटतत." त्यांच्यासाठी वेगळं, त्यांच्या मापाचं घेतलं तेव्हा कुरकूर थांबली. तोवर घरातलं जुनं, ह्यांच्या मापाचं त्यांच्या डोक्यावर डुगडुगत होतं आणि त्या एका हाताने ते धरून दुसऱ्या हाताने मला धरायच्या. आता कुडाळच्या बाजाराला जाताना स्वतःच पिशवीबरोबर काढून ठेवतात.

हर्णै, गॅरेज

बंदरावर फिरणाऱ्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यामुळे हेल्मेटंही बघतो. खाऱ्या वाऱ्याने पहिले जातात ते काचेचे स्क्रू, मग पट्ट्याचं बक्कल. दातेरी पट्टीचं झटपट लागणारं बक्कल सोयीचं असतं, पण त्यात वाळू आणि मीठ बसलं की दाते धरत नाहीत. लागल्यासारखं वाटतं आणि जोरात ओढलं की सुटतं. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, लावल्यावर खाली ओढून बघा.

मी स्वतः दोन कड्यांवालं वापरतो, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. पट्टा दोन्ही कड्यांतून घालायचा, मग बाहेरच्या कडीवरून परत फिरवून फक्त आतल्या कडीतून काढायचा आणि ओढायचा. शेवटी टिचकीचं बटण असतं ते उरलेलं टोक फडफडू नये म्हणून. नुसतं ते बटण लावून हिंडणारे महाभाग आहेत.

दुसरं, पेट्रोल. डांबराचे ठिपके काढायला पोरं पेट्रोलचा बोळा फिरवतात. रंग चकचकीत होतो, पण पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस प्लास्टिकचं कवच त्याने कमकुवत होतं, बारीक तडे जातात. साधा साबण, कोमट पाणी. थिनर नको. मनाने स्प्रे मारून रंगवणंही नको.

सावंतवाडी, आंबोली घाटातून रोजचा वावर

घाटात धुकं बाहेर असतं त्याहून जास्त काचेच्या आत असतं. पावसात काच पूर्ण बंद केली की श्वासाने दोन वळणांत पांढरी. एक खाच उघडी ठेवली तर चेहरा भिजतो पण दिसतं. वरचे हवेचे झरोके पावसात बंद करणारे बरेच. हनुवटीजवळचा तरी उघडा ठेवा. हल्ली काही काचांच्या आत आणखी एक पातळ पापुद्रा बसवता येतो, मध्ये हवा अडकते आणि वाफ धरत नाही. हेल्मेट घेताना काचेला आतून त्याच्या दोन खुंट्या आहेत का ते बघून घ्या, नंतर कुठल्याही काचेला तो बसत नाही.

काळी काच घेऊ नका. उन्हात छान दिसते, पण घाटात चार वाजताच अंधारून येतं. आणि आपल्याकडची तांबडी माती! ट्रकच्या मागून काचेवर चिखल उडाला की हात जातोच हातमोज्याने पुसायला. जांभ्याचा तो कण काचेवर फिरला की ओरखडा कायमचा, आणि रात्री समोरून एसटी आली की त्या प्रत्येक ओरखड्यातून दिव्याचे फराटे. बाटलीतलं पाणी ओता, वाहू द्या, मग पुसा. काच वेगळी विकत मिळते, तिच्यासाठी हेल्मेट बदलायला लागत नाही.

चिपळूण, रुग्णालयात परिचारिका

आमच्याकडे अपघाताचा पेशंट येतो तेव्हा नातेवाईक हमखास म्हणतात, हेल्मेट होतं हो! असतं. पण ते नंतर कुणीतरी वेगळं घेऊन येतं, पट्टा उघडाच. पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतका घट्ट हवा. जांभई दिली की हेल्मेट डोक्यावर दाबलं गेलं पाहिजे.

आतला थर्माकोल म्हणजे ईपीएस, काम तोच करतो. आपटल्यावर तो चेपतो आणि डोक्याचा धक्का खातो, पण चेपतो एकदाच, परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद. पाचेक वर्षांनीही बदलतात, तो सर्वसाधारण सल्ला आहे. आरशाच्या टोकावर उलटं टांगून ठेवलं की आतून याच थराला खळगा पडतो, तेही बघा.

आमच्या सरांनी सांगितलेली एक गोष्ट. १९३५ साली टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध झालेला अधिकारी, मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या मारामुळे गेला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. पुढे त्यांनी सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांचे अपघात अभ्यासून १९४१ मध्ये हेल्मेटवर शोधनिबंध लिहिला.

आणि कृपा करून रस्त्यात पडलेल्या माणसाचं हेल्मेट एकट्याने हिसकून काढू नका. श्वास घेता येत असेल तर काच वर करा, पट्टा सैल करा आणि मान न हलवता रुग्णवाहिकेची वाट बघा. काढावंच लागलं तर दोन माणसं हवीत, एकाने फक्त मान आणि डोकं धरायचं.

राजापूर, आंबा बागायतदार

हायवेच्या कडेला ताडपत्रीवर मांडलेली असतात त्यांतलं एक आमच्या गड्याने आणलं होतं. आयएसआयचा छाप ठसठशीत. आतलं कापड खेचून बघितलं तर खाली थर्माकोलच नाही! प्लास्टिकचं भांडं आणि त्याला चिकटवलेला बोटभर स्पंज. आंब्याच्या पेटीला आम्ही याहून जास्त पेंढा घालतो.

१ जून २०२१ पासून देशात दुचाकीची हेल्मेटं आयएसआय छापाशिवाय विकता येत नाहीत. मानक आयएस ४१५१. छापाच्या आसपास 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की कोणाचा परवाना आणि चालू आहे का ते दिसतं. दुकानात उभं राहून बघता येतं, रेंज असेल तर. "जड आहे म्हणजे मजबूत" असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. जड हेल्मेटने राजापूर-कोल्हापूर करून बघा, मान सांगेल.

दापोली

ओल्या हेल्मेटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. श्रावणापर्यंत आतल्या कापडावर पांढरी बुरशी धरतेच. अस्तर काढता येणारं असेल तरच घ्या, शाम्पूने हाताने धुवा, पंख्याखाली वाळवा. गालाच्या गाद्यांचा जादा जोड मिळाला तर घेऊन ठेवा. न्हाणीतल्या चुलीजवळ वाळत ठेवू नका, त्या धगीने आतला थर्माकोल आकसतो. बंद डिकीत ओलं कोंबणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

गुहागर

मुलगा सहा वर्षांचा, डोकं ५१ सेंटिमीटर. धोपावे-दाभोळ फेरीबोटीवर आम्ही नेहमी असतो आणि मागे लहान मूल हेल्मेटसह क्वचित दिसतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे, तरी दुकानात लहान मुलांचं माप मागितलं की "मोठ्यांचं लहान देतो" म्हणतात. आजीचं म्हणणं, गणवेशासारखं वाढत्या मापाचं घे. ते जमणार नाही, एवढं कळलंय. खेड-चिपळूणकडे मुलांच्या मापाचं, आयएसआयवालं, वजनाला हलकं कुणाला मिळालं आहे का?

चिपळूण, परिचारिका

@गुहागर, माझ्या भाचीचं चिपळुणातच मिळालं, पण दुकानदाराने आठवडा आधी सांगून मागवलं. मुलाला घेऊन जा, त्याच्याशिवाय घेऊ नका. आणि चढवल्यावर त्याला मान मागे-पुढे करायला लावा. मागची कड पाठीवरच्या दप्तराला टेकत असेल तर प्रत्येक खड्ड्याला हेल्मेट पुढे सरकतं; दप्तर तुमच्या पायाशी ठेवा.