शेओल्ड्रेड, द अपोकॅलिप्स: चारही मिथिक वाईल्डकार्ड लावू का?

दलदलवाला:
मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा डॉमिनारिया युनायटेड हा संच २०२२ मध्ये आला, तेव्हा अरीनावर (खेळाच्या ऑनलाइन रूपात) जो तो हीच उतरवत होता. चार माना (कार्ड खेळायची किंमत), त्यातले दोन काळे, ४/५ क्रीचर म्हणजे पॉवर ४ आणि टफनेस ५, डेथटच (जरासं डॅमेज दिलं तरी समोरचा क्रीचर मरतो), मी कार्ड ओढलं की मला २ लाईफ आणि समोरच्याने ओढलं की त्याचे २ गेले. वाचायला भारीच आहे हो, पण टेबलावर आल्या आल्या काहीच करत नाही ना. म्हणजे चौथ्या टर्नला सगळा माना घालून मी हिला आणणार आणि समोरचा दोन मानात इन्फर्नल ग्रास्प (क्रीचर थेट मारणारं कार्ड) मारून मोकळा, माझ्या हाती धुपाटणं. मी रॅकडॉस (काळा-लाल डेक) खेळतो, मिथिक वाईल्डकार्ड (एक दिलं की हवं ते एक मिथिक, म्हणजे सर्वात दुर्मिळ, कार्ड मिळतं) चारच उरलेत. २०११ ची शेओल्ड्रेड सात मानाची होती, ती तर हातातच कुजायची. ही नुसती हवा आहे का खरंच लावावेत?

हिशोबी_गॉब्लिन:
'रिमूव्हलने (ग्रास्पसारख्या मारणाऱ्या कार्डाने) मरते' हे रडगाणं फार जुनं, लोक डूम ब्लेडचं नाव घेऊन रडायचे, आणि गंमत म्हणजे डूम ब्लेड काळ्या क्रीचरला लागतच नाही. असो. नाही मेली तर काय होतं ते बघ. तू चौथ्या टर्नला टाकलीस, त्याने कार्ड ओढलं, त्याचे लाईफ २० वरून १८. तुझा अटॅक १४, त्याचा ड्रॉ १२, अटॅक ८, ड्रॉ ६, अटॅक २, ड्रॉ शून्य. दुसरं एकही कार्ड न खेळता तीन अटॅकमध्ये खेळ खल्लास, वर तुला मधल्या प्रत्येक ड्रॉचे २ मिळालेत ते वेगळेच. आणि मारायची तरी ड्रॉ स्टेप त्याच्या मेन फेजच्या आधी येते, म्हणजे सॉर्सरी (फक्त स्वतःच्या मेन फेजमध्ये खेळता येणारं) रिमूव्हल असेल तर २ देऊनच मारणार. ग्रास्प मारला तर त्या कार्डामुळेच मारणाऱ्याचे २ जातात. फुकट कोणी सुटत नाही.

एस्परवाली:
वरचा हिशोब बरोबर आहे पण तो समोर कोणी नसल्यासारखा केलाय 😄 समोर पांढरा डेक असेल आणि चार लँड (माना देणारी कार्डं) न वापरता उभे ठेवून टर्न पास केला असेल तर हिने अटॅक करूच नका. अटॅकला जाऊन टॅप (आडवी) झाली की द वॉन्डरिंग एम्परर हे कार्ड फ्लॅशने (तुमच्या टर्नलाच) येऊन हिला एक्झाइल करते (खेळाबाहेर काढते) आणि वर स्वतःला २ लाईफ घेते, मी रोज हेच करते लोकांना. घरी बसून राहिली तरी ही कमावतेच, नवीन लोकांना तेच कळत नाही, ४ पॉवर दिसली की पळतात अटॅकला. मी तरी कार्ड जोखताना एवढंच बघते की आपण मागे असताना ते काय करतं. ही मागे असताना ब्लॉकला उभी राहते आणि लाईफही देते. असं चार मानात क्वचित मिळतं.

रोज_मोनोरेड:
आम्हा लालवाल्यांना विचारू नका, ५ टफनेस बघूनच पोटात गोळा येतो, ३ डॅमेजने काय होणार. तरी चार लावू नकोस असंच म्हणेन. लेजंडरी आहे, टेबलावर एक असताना दुसरी टाकली की एक ग्रेव्हयार्डात. हातात दोन अडकल्या की तुझा वेग गेला. आणि वेडिंग अनाउन्समेंट हे कार्ड खेळणारे एवढे टोकन (छोटे क्रीचर) आणतात की डेथटच एकालाच अडवतो, बाकीचे अंगावर. दोन पुरेत.

दलदलवाला:
दोन म्हणजे अर्ध्या गेममध्ये दिसायचीच नाही हो. तीन करू का? आणि ब्लडटाइथ हार्वेस्टर या कार्डाच्या ब्लड टोकनने (एक माना देऊन, हातातलं एक कार्ड टाकून नवं ओढायचं) ओढलेलं कार्ड पण धरतात का यात?

हिशोबी_गॉब्लिन:
धरतात की, कार्ड ओढलं म्हणजे ओढलं, कुठूनही असो. टोकन समोरच्याच्या टर्नलाही वापरता येतं, म्हणून बर्नने (थेट डॅमेज देणाऱ्या कार्डाने) मरायला टेकला असशील तर एक माना राखून ठेव, त्या बर्नला उत्तर म्हणून टोकन फोड आणि आधी २ लाईफ घे. हात रिकामा ठेवू नकोस मात्र, टाकायला एक कार्ड लागतं. आणि म्हणूनच रॅकडॉसमध्ये मोनोरेडभाऊंचा मुद्दा मला फारसा पटत नाही, हातातली जादा शेओल्ड्रेडच टाकायची त्या टोकनला. तीन लाव, चौथं वाईल्डकार्ड जपून ठेव.