आयटीआयची पोरं जेवणाच्या सुट्टीनंतर गायब होतात, काय करू?

नवा_निदेशक
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ठिकाणी एका आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो, तासिका तत्त्वावर, हे माझं दुसरं वर्ष. बॅच कागदावर 20 ची. सकाळी 14-15 येतात आणि जेवणाची सुट्टी झाली की 7-8 उरतात, बाकीचे कुठे जातात देव जाणे. जी बसतात ती पण फाईल एकमेकांची बघून उतरवतात, सर्किट डायग्राममध्ये एकाने चूक केली की 6 जणांच्या फायलीत तीच चूक. 80 टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही अशी भीती घालून झाली, पालकांना फोन करून झाले. मागच्या आठवड्यात मी तासभर करिअरवर बोललो, रेल्वे, महावितरण, स्वतःचा धंदा, सगळं अगदी मनापासून. शेवटी म्हटलं काही प्रश्न? तर मागून एकजण म्हणाला "सर घंटा झाली का?"

हसू पण आलं आणि रात्री झोप पण नाही लागली. बहुतेकांना 10वीला कमी मार्क पडले म्हणून घरच्यांनी इथे टाकलंय आणि तसं ती तोंडावर सांगतात. अशा पोरांना शिकायची गोडी कशी लावायची? अनुभव असेल तर सांगा, पुस्तकी नको.

कानस_बहाद्दर
सर, आधी ती भाषणं बंद करा. मी फिटर ट्रेडला 31 वर्षं काढली, आता रिटायर आहे. सुरुवातीची 7-8 वर्षं मी पण बोलायचो, पोरं मान डोलवायची आणि संध्याकाळी तसाच वाकडा जॉब टेबलावर ठेवून जायची.

फिटरला पहिले काही महिने म्हणजे नुसतं कानस मारणं. एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि घासत बसायचं, हाताला फोड येतात, खांदे भरून येतात, आणि एवढं करून तो जॉब जातो कुठे तर मार्क दिले की भंगारात. पोरगं ते बघतं हो. आपण 4 दिवस घासलेला तुकडा सर न बघता डब्यात टाकतात हे एकदा बघितलं की पुढचा जॉब तो कशाला नीट करेल?

मी दोनच गोष्टी बदलल्या. एक, जॉब पुरा झाला की ज्याचा त्याने लेटर पंचने आपल्या नावाचं अक्षर त्यावर ठोकायचं आणि चांगले जॉब वर्कशॉपच्या दारातल्या काचेच्या कपाटात लावायचे. दुसरं म्हणजे माप मी घ्यायचं नाही. त्याने स्वतः व्हर्नियरने मोजायचं, फळ्यावर लिहायचं, मग शेजारच्याने मोजायचं, दोघांचं जुळलं नाही तर मी. व्हर्नियर 0.02 मिमीपर्यंत दाखवतं, तिथे पोरांची अशी भांडणं लागायची की विचारू नका, "तू जोरात दाबलास म्हणून कमी आलं". जो पोरगा फळ्यावरचं गणित बघून पळायचा तो लीस्ट काउंटवरून, म्हणजे व्हर्नियर कमीत कमी किती माप दाखवतं त्यावरून वाद घालायला लागला. त्यातला एक ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडे धरायचा आणि फट दिसली की स्वतःच शिव्या देत परत कानस घ्यायचा. मी काहीच बोललो नव्हतो त्याला.

इलेक्ट्रिशियनला हे अजून सोपं आहे राव, तुमच्याकडे दिवा पेटतो की.

चाकणवाला
सर मी विद्यार्थ्याच्या बाजूने सांगतो कारण जेवणानंतर गायब होणाऱ्यातला मी एक होतो 😅 वेल्डर ट्रेड, 1 वर्षाचा. आता चाकणला एका कंपनीत आहे.

मला आळस नव्हता. गावाला जाणारी एसटी सव्वातीनला होती आणि तिच्यानंतरची थेट साडेसहाला, ती चुकली की घरी पोचायला आठ. आणि लग्नसराईत मी केटरिंगला जायचो, एका रात्रीचे 400 मिळायचे, सकाळी डोळे उघडायचे नाहीत. सगळ्यांना वाटायचं पोरगं टवाळ आहे. वर्षभरात एकाच सरांनी विचारलं की तू राहतोस कुठे, जातोस कसा. त्यांनी माझं प्रॅक्टिकल सकाळी लावून दिलं, बस्स. त्यानंतर मी एकही दिवस बुडवला नाही असं नाही म्हणणार पण रॉड चिकटायचा बंद होईपर्यंत तरी नक्की आलो.

अजून एक. कंपनीचे एचआर वगैरे बोलावू नका, ते टाय लावून येतात आणि इंग्लिश झाडतात. 2 वर्षांपूर्वी पास झालेला तुमचाच एखादा पोरगा आणा, त्याच बाकावर बसलेला. आमच्याकडे असा एकजण आला होता, अप्रेंटिस करून नुकताच लागलेला. त्याने पगार किती, कापून हातात किती, रूमचं भाडं किती, मेसचं किती सगळं सांगितलं. नाईट शिफ्टला झोप कशी येते ते पण सांगितलं. त्या दिवशी कोणी घंटा विचारली नाही.

आणि 10वीनंतर 2 वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं हे माझ्या फिटरवाल्या मित्राला पास झाल्यावर कळलं, तोपर्यंत तो स्वतःला नापासातच धरत होता. हे पहिल्याच दिवशी सांगा की.

मुंढा_आणि_बाही
मी आयटीआयची नाही, 3 महिन्यांचा शिवण वर्ग घेते, बायका आणि मुली मिळून 25 जणी. पण दुखणं तेच. आमच्यात गायब होण्याचं कारण म्हणजे भीती. कापड कापलं की परत जोडता येत नाही ना, म्हणून कात्री हातात घेऊन नुसत्या उभ्या राहतात आणि दुसऱ्या दिवशी "ताई, घरी पाहुणे आले".

मी आधी पहिले 15 दिवस वर्तमानपत्रावर कटिंग करून घ्यायचे, तसंच शिकवलं होतं आम्हाला. आता पहिल्याच दिवशी बाजाराची पिशवी. 4 सरळ शिलाया, संध्याकाळी त्यातूनच भाजी घेऊन घरी जातात. सासूने "कुठून घेतली गं" विचारलं की काम झालं. मग परकर, मग ब्लाऊज.

आणि मी स्वतः पहिल्यांदा शिवलेला ब्लाऊज वर्गात खिळ्याला टांगून ठेवलाय. मुंढ्याला इतका घोळ आहे की हात वर केला तर अख्खा ब्लाऊज वर येईल 😂 कोणाचं काही बिघडलं की ती आधी त्याच्याकडे बघते. सर तुम्ही कधी काही जाळलंय का शिकताना? असेल तर पोरांना सांगा.

रिवाइंडिंगवाले_काका
सगळं ऐकलं. थोडं कडू बोलतो. माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान आहे, 22 वर्षं झाली. पास झालेली पोरं येतात माझ्याकडे, सर्टिफिकेट आहे पण सिरीज लॅम्प, म्हणजे जोडणी तपासायचा साधा दिवा, तो जोडता येत नाही. मोटार चालू करायच्या स्टार-डेल्टा स्टार्टरचं चित्र मस्त काढतात, प्रत्यक्ष पॅनल उघडला की हात खिशात. गोडी गोडी काय घेऊन बसलात, हजेरी म्हणजे हजेरी, प्रॅक्टिकलला 60 टक्के लागतात तर ते खरे 60 द्या, दयेचे देऊ नका. फुकट पास केलेलं पोरगं पोलवर चढतं तेव्हा त्याच्या जिवाशी खेळ असतो.

पण एक आहे. तुमच्या पोरांना तोडायला काही मिळतं का? माझ्याकडे उन्हाळ्यात विहिरीवरच्या जळालेल्या 5 एचपीच्या मोटारी पडून असतात. जुनं वाइंडिंग काढताना टर्न म्हणजे तारेचे वेढे मोजायचे, तारेचा गेज म्हणजे जाडी बघायची, तांबं तोलायचं. ज्याला शेती आहे त्याला ही मोटार घरची असते, तो लक्ष देतोच. शनिवारी दोघांना पाठवा, चहा माझा. मोबाईल बाहेर ठेवायचा.

नवा_निदेशक
3 आठवड्यांनी लिहितोय, सॉरी. सगळ्यांचे आभार.

चाकणवाल्या भावाचं वाचून दुसऱ्याच दिवशी वर्गात एसटीच्या वेळा विचारल्या. 5 जण एकाच रूटचे निघाले आणि त्यांची गाडी पावणेतीनला. मी दीड वर्ष त्यांना टवाळ समजत होतो. शिवाय माझं प्रॅक्टिकल सकाळी आणि थिअरी जेवणानंतर असायची, म्हणजे मी स्वतःच पोरांना पळायला कारण देत होतो. आता त्या 5 जणांचं प्रॅक्टिकल सकाळीच आणि बाकीच्यांची थिअरी सकाळी, वायरिंग दुपारी.

आमच्या जिन्यातला दिवा गेल्या पावसाळ्यापासून बंद होता. प्राचार्यांना विचारून ते काम तिघांना दिलं, मेन बंद करून, मी समोर उभा. स्टेअरकेस वायरिंग फाईलमध्ये तिघांनीही बरोबर काढलेलं, पण टू-वे स्विचचा कॉमन टर्मिनल कुठला यावर पाऊण तास गेला. मी मुद्दाम सांगितलं नाही. शेवटी त्या घंटावाल्यानेच सिरीज लॅम्प लावून शोधला. दिवा लागल्यावर खालून चालू वरून बंद, वरून चालू खालून बंद, असं किती वेळा केलं त्याने, शेवटी ऑफिसातून क्लार्क ओरडत आले.

ताई, मी पण सांगितलं की शिकताना मी मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून सॉकेटमध्ये प्रोब घातले होते. त्यानंतर 2 पोरांनी आपापल्या घरच्या भानगडी कबूल केल्या, एकाने तर मिक्सरच.

दुपारी आता 12 असतात. दोघं अजून येत नाहीत, एकाचा फोन लागत नाही, रविवारी त्याच्या गावी जाऊन येणार आहे. काका, तुमचं गाव आमच्याकडून लांब असलं तरी चालेल, शनिवारी दोनाऐवजी चार पाठवले तर जमेल का? घंटावाला म्हणतोय मोबाईल बाहेर ठेवतो पण मोटार मीच उघडणार.