कोकणकड्याच्या पॅनोरमासाठी कोणतं ट्रायपॉड हेड?

प्रश्न: हरिश्चंद्रगडावरून कोकणकड्याचा अख्खा अर्धगोल टिपायचाय. माझ्या बॉलहेडचा (गोळ्यावर कॅमेरा हवा तसा वळवणारं हेड) पॅन, म्हणजे आडवा फिरणारा भाग, बुडाशी आहे. कातळावर ट्रायपॉड तिरका बसला की क्षितिज उतरत जातं. थ्री-वे (तीन दिशांना वेगवेगळं फिरणारं हेड) घेऊ का?

गडकरी_८२: थ्री-वे नको, चढणीला जड होतं आणि हा प्रश्न सुटतही नाही. बॉलहेडवर पॅनिंग क्लँप (कॅमेरा धरणारी, आडवी फिरणारी पकड) बसवा. बॉलने लेव्हल साधा, मग फक्त क्लँप फिरवा.

प्रश्नकर्ता: कड्याची धार पायाशीच येते. फोटोंचा जोड दिसेल?

गडकरी_८२: दिसू शकतो. नोडल स्लाइड (कॅमेरा मागेपुढे सरकवायची पट्टी) आणि एल-ब्रॅकेट (कॅमेरा उभा बसवायची एल आकाराची पट्टी) घ्याच. कॅमेरा उभा लावून मागे सरकवत जा. फिरवताना जवळची काठी लांबच्या सुळक्यावरून सरकेनाशी झाली की कॅमेऱ्याची योग्य जागा सापडली. शेजारच्या फोटोंत तीसेक टक्के ओव्हरलॅप, एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) मॅन्युअल.

रानवाट: फोटो जोडायला हगिन हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे.