हायपर-व्ही रेप्लिका: ११ च्या पॉइंटवर जायचंय, पण नंतरची बिलं गमवायची नाहीत

प्रश्न (दुपारी १:२०)
सांगलीत औषधांच्या होलसेल फर्मचं आयटी मी एकटा बघतो. बिलिंगचा एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवरच्या व्हीएममध्ये, म्हणजे आभासी मशीनमध्ये आहे, त्याची रेप्लिका (सतत ताजी होत राहणारी प्रत) कुपवाडच्या गोदामात. दोन्हीकडे विंडोज सर्व्हर २०१९. आज ११:४० ला एका मेडिकलची बाकी दुरुस्त करताना माझ्या अपडेट क्वेरीत व्हेअर (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) राहिलं. ६१२ पार्ट्यांच्या नावापुढे १८,४५० हा एकच आकडा बसला.

रेप्लिकेशन दर ५ मिनिटांनी, त्यामुळे चूक तिकडेही पोचली. जादा रिकव्हरी पॉइंट (मशीनची मागच्या वेळेची स्थिती, जिच्यावर परत जाता येतं) फक्त ४ तासांचे आहेत, ११ चा अजून दिसतोय. फेलओव्हर करून (मूळ मशीनऐवजी रेप्लिका चालू करून) त्यावर गेलो तर नंतरची सगळी बिलं जातील, आणि तो माल गाड्यांतून निघून गेलाय. काय करू?

उत्तर १
दादा, आधी प्रायमरीवरून (मूळ सर्व्हरवरून) रेप्लिकेशन पॉज करा, बाकीचं नंतर वाचा. नवे पॉइंट येत राहिले तर ३ च्या सुमारास ११ चा गळून जाईल.

आणि प्लॅन्ड फेलओव्हर नको. तो शेवटचा बदलही तिकडे नेतो, म्हणजे चुकीसकट.

उत्तर २
पूर्ण व्हीएम मागे नेऊच नका. तुमचा एकच कॉलम बिघडलाय.

रेप्लिका सर्व्हरवर टेस्ट फेलओव्हर घ्या, ११ चा पॉइंट निवडा. शेजारी नावापुढे ‘टेस्ट’ लागलेली वेगळी व्हीएम उभी राहते, मूळ रेप्लिकेला धक्का लागत नाही. ती नेटवर्कला जोडलेली नसते. तशीच राहू द्या, जोडलीत तर एकाच नावाची दोन मशीन समोरासमोर येतील. आतली व्हीएमही २०१९ असेल तर पॉवरशेल डायरेक्टने नेटवर्कशिवायही होस्टवरून (व्हीएम ज्यावर चालते त्या सर्व्हरवरून) आत शिरता येतं, फाइल बाहेर काढता येते. साधा पॉइंट (एसक्यूएलला आधी तयार न करता घेतलेला) असेल तर मशीन लाइट गेल्यासारखं उठेल. एसक्यूएल लॉग वाचून स्वतःला सावरतो, तेवढा वेळ द्या.

आता हिशोब. टेस्टमधली बाकी घ्या, त्यात नंतरची बिलं मिळवा, नंतरची जमा वजा करा. पण ‘नंतर’ घड्याळावरून ठरवू नका. पॉइंट नेमका ११:०० चा नसतो. टेस्टमधला शेवटचा बिल नंबर आणि शेवटचा पावती नंबर बघा, त्यापुढचं सगळं नंतरचं. मिनिटावरून धरलंत तर एखादं बिल दोनदा लागेल किंवा सुटेल, आणि ते महिन्याभराने पार्टीच्या फोनवरून कळेल.

लाइव्ह टेबलला हात लावण्यापूर्वी त्याची कॉपी. अपडेट ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे पक्कं करेपर्यंत मागे घेता येतं), आधी किती ओळी बदलल्या ते बघा, मग कमिट, म्हणजे पक्कं.

प्रश्नकर्ता (संध्याकाळी ५:०५)
झालं. पॉज केलं तेव्हा १:३१ झाले होते. टेस्टमध्ये शेवटचं बिल ४७१८, लाइव्हवर ४८०९, म्हणजे ९१ बिलं मिळवली. ६०९ पार्ट्या लेजरशी पैशापर्यंत जुळल्या. ३ जुळेनात. अर्धा तास शोधलं, त्या तिघांचा एक्सपायरीचा माल परत आला होता आणि क्रेडिट नोटेचं टेबल माझ्या हिशोबात नव्हतंच. तेही नंबरावरून वजा केलं.

टेस्ट फेलओव्हर बंद केला, ती व्हीएम आपोआप निघून गेली. रेप्लिकेशन रिझ्यूम केलंय.

उत्तर २
क्रेडिट नोट माझ्याही ध्यानात आली नाही, तुम्ही नेटाने शोधलीत. आता गोदामाच्या डिस्कवर जागा असेल तर पॉइंट २४ तासांचे करा. आज दुपारी उशिरा कळलं असतं तर टेस्टला घ्यायला पॉइंटच उरला नसता.